इंग्रजी पिक्चरमधून रोजचं इंग्रजी: काय उचलायचं आणि कसं

ठाण्यात गोखले रोडवरून चालत गेलं की इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासच्या पाट्या नजरेतून सुटत नाहीत. अशा बहुतेक क्लासमध्ये, आणि आमच्या संध्याकाळच्या बॅचमध्येसुद्धा, एक सल्ला हमखास मिळतो: "इंग्लिश पिक्चर बघत जा, आपोआप येईल." सल्ला खोटा नाही, पण त्यातलं 'आपोआप' फसवं आहे. शनिवारी रात्री सोफ्यावर बसून, खाली हिंदी सबटायटल लावून दोन तास मारामारी बघितली तर करमणूक छान होते. इंग्रजी मात्र जागचं हलत नाही. वर्षानुवर्षं असे पिक्चर बघणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांना हॉलिवूडच्या नटांची नावं पाठ आहेत, आणि हॉटेलात पाणी मागायची वेळ आली की ती हिंदीवर येतात.

मग पिक्चरमधून खरोखर काय शिकता येतं? माझ्या मते दोनच गोष्टी, पण त्या पुस्तकातून जवळपास येतच नाहीत. एक, ओळखीचे शब्द बोलण्याच्या वेगात कसे ऐकू येतात ते. दुसरी, कुठल्या प्रसंगाला कुठलं तयार वाक्य वापरतात ते. व्याकरण, स्पेलिंग, ऑफिसची ईमेल यांसाठी दुसरे मार्ग जास्त सोपे आहेत. त्यासाठी पिक्चरच्या नादी लागू नये.

शब्द माहीत असतात, ऐकू येत नाहीत

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: "सर, माझी व्होकॅब कमी पडते." जरा तपासून बघू. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या दोन अभ्यासकांनी ३१८ इंग्रजी चित्रपटांमधले संवाद घेऊन त्यातले शब्द मोजले. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजीत सर्वात जास्त वापरली जाणारी ३००० शब्दकुटुंबं माहीत असतील आणि माणसांची, गावांची नावं नावं म्हणून ओळखू येत असतील, तर संवादातले सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात, असा त्याचा निष्कर्ष. शब्दकुटुंब म्हणजे वर्क, वर्क्स, वर्किंग, वर्कर हे सगळे मिळून एक. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे बारावी झालेल्या माणसाच्या डोळ्यांखालून या तीन हजारांतले पुष्कळ शब्द कधी ना कधी गेलेले असतात. तरी पडद्यावरचा माणूस बोलायला लागला की सगळा गोंगाट वाटतो. गोम दुसरीकडेच आहे, ती कानात.

मराठीत आपण वाक्यातल्या बहुतेक अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीची चाल वेगळी. तिथे वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो, तो शब्द लांबतो, आणि टू, ऑफ, अँड, कॅन, हिम, हर असले लहान शब्द त्या जोराखाली दबून जातात. दबलेल्या शब्दातला स्वर मग एक पुसट 'अ' एवढाच उरतो. भाषाशास्त्रात त्याला 'श्वा' म्हणतात. बोलण्यातल्या इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा स्वर हाच, आणि स्पेलिंगमध्ये त्याला स्वतःचं अक्षरच नाही. शाळेत आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, त्यामुळे त्याची आपली कधी भेट झालेली नसते.

परिणाम असा होतो की "व्हॉट डू यू वाँट टू डू" हे सहा शब्दांचं साधं वाक्य पडद्यावरून "व्हॉड्या वॉना डू" होऊन येतं. "टेल हिम"चं "टेलिम" होतं, "कप ऑफ टी"चं "कपअटी", "पिक इट अप"चं "पिकिटप". अमेरिकन माणसाच्या "वॉटर"मधला ट आपल्याला ड किंवा र असल्यासारखा ऐकू येतो. लंडनकडच्या माणसाच्या "कार"मध्ये शेवटचा र नसतोच. हे सगळे शब्द तुम्हाला पहिलीपासून माहीत आहेत. त्यांचा हा अवतार मात्र माहीत नाही.

यात ते लोक आळशीपणाने बोलतात असं काही नाही. आपणही तेच करतो. "कुठे आहेस" असं फोनवर कोण म्हणतं? "कुठेयस?" म्हणतो. "काय करतो आहेस"चं "काय करतोयस" होतं, "येतो आहे"चं "येतोय". पुस्तकावरून मराठी शिकून आलेला परदेशी माणूस ठाणे स्टेशनच्या दोन नंबरवर उभा राहिला, तर त्याला आपलं बोलणं असंच गोंगाटासारखं वाटणार.

यातलं एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी क्लायंटशी बोलणाऱ्या ऐरोली-महापेच्या ऑफिसांमध्ये त्याची किंमत मोजावी लागते. "कॅन" आणि "कॅन्ट". आपण समजतो की फरक शेवटच्या ट चा आहे. बोलताना, विशेषतः अमेरिकन बोलण्यात, तो ट बऱ्याचदा नीट ऐकूच येत नाही. फरक असतो तो जोराचा. "आय कॅन डू इट" म्हणताना "कॅन" दबतं, जवळपास "आय क्न डू इट" असं येतं आणि जोर "डू"वर पडतो. "आय कॅन्ट डू इट"मध्ये मात्र "कॅन" ठसठशीत, लांब, सगळा स्वर शाबूत. आपला मराठी कान स्पष्ट "कॅन" ऐकतो आणि 'जमेल म्हणतोय' असं समजतो. तिकडच्या माणसाने शुक्रवारी जमणार नाही म्हणून सांगितलेलं असतं, आणि इकडे शुक्रवारची मीटिंग रूम बुक होते. उलटंही होतं. आपण "आय कॅन डू इट" मधलं "कॅन" खणखणीत म्हटलं तर समोरच्याला शंका येते की हा हो म्हणाला की नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं सापडेल, पण ओळ वाचून कान तयार होत नाही. त्याला तोच आवाज पुन्हा पुन्हा, चेहऱ्यासकट, प्रसंगासकट ऐकावा लागतो. पिक्चरचा पहिला उपयोग हा.

सबटायटल कुठलं लावायचं

इंग्रजी पिक्चरला मराठी सबटायटल क्वचितच मिळतं, म्हणून आपण हिंदी लावतो. गोष्ट कळते, पण डोळे हिंदी वाचत असताना कान सुट्टीवर जातात. इंग्रजी आवाजाला इंग्रजीच सबटायटल लावलं तर कानाने जे निसटलं ते डोळे पकडून देतात: अच्छा, हे "टेलिम" म्हणजे "टेल हिम" होय!

होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्क्वीन या अभ्यासकांनी २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या लोकांवर हे तपासलं. त्यांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश ढंगाचं, कानाला अनोळखी इंग्रजी असलेले व्हिडिओ दाखवले. काहींना खाली डच सबटायटल, काहींना इंग्रजी, काहींना काहीच नाही. नंतर त्याच ढंगातली नवी वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्रजी सबटायटलवाल्यांना ती ओळखायला मदत झालेली दिसली. डच, म्हणजे स्वतःच्या भाषेतलं सबटायटल मात्र उलट आड आलं होतं. आपल्याकडेही ज्या भाषेत आवाज त्याच भाषेत अक्षरं या कल्पनेचा मोठा प्रयोग झाला आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात ती मांडली आणि पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार', 'रंगोली'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द येऊ लागले, गाणं पुढे सरकेल तसा रंग बदलत जाणारे. तिथे हेतू वाचन सुधारण्याचा होता. पाठ असलेलं गाणं ऐकता ऐकता अक्षरं ओळखीची होत. आपल्याला तेच उलट्या दिशेने करायचं आहे: ओळखीच्या अक्षरांवरून आवाज ओळखायचा.

ज्यांचं इंग्रजी अगदीच कच्चं आहे त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी शूर होऊ नये. आधी तोच पिक्चर हिंदी डबमध्ये पाहून घ्या. गोष्ट कळलेली असली की नंतर इंग्रजी ऐकताना सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

एक सावधगिरी. सबटायटल म्हणजे संवादाची हुबेहूब नक्कल असेलच असं नाही. नेटफ्लिक्सच्या नियमात एका ओळीला साधारण ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी बसतात. पात्र भरभर बोललं तर काही शब्द गाळून ओळ आटोक्यात आणावी लागते. यूट्यूबचं यंत्राने तयार केलेलं सबटायटल तर कधीकधी भलतंच काही लिहितं. ऐकलेलं आणि वाचलेलं जुळत नसेल तर दर वेळी तुमच्याच कानाचा दोष धरू नका.

सुटा शब्द नको, अख्खं वाक्य घ्या

वहीत "रिलक्टंट म्हणजे नाखूश" असं लिहून ठेवणारी मुलं मी खूप पाहतो. वही भरते, तोंड उघडत नाही. कारण बोलताना माणूस एकेक शब्द जोडत बसत नाही, तयार तुकडे वापरतो. "आयल बी राइट बॅक", "नेव्हर माइंड", "लेट मी गेट बॅक टू यू", "दॅट मेक्स सेन्स", "इट स्लिप्ड माय माइंड". हे तुकडे जसेच्या तसे तोंडात बसले पाहिजेत. पिक्चरमध्ये ते नुसते ऐकू येत नाहीत; कोण कोणाला, कुठे, कुठल्या सुरात म्हणतंय तेही दिसतं. त्या दिसण्यात निम्मं शिक्षण आहे.

आदराचंच घ्या. मराठीत अदब क्रियापदात बसलेली असते. "पाणी द्या", "जरा सरका", "इथे सही करा", यात 'कृपया' नसलं तरी कोणाला उद्धट वाटत नाही, कारण 'द्या', 'सरका', 'करा' यांतच 'तुम्ही' आहे. इंग्रजीत 'यू' एकच, शिपायालाही आणि साहेबालाही. मग तिथली अदब जाते कुठे? ती वाक्याच्या बांधणीत जाते: "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?", "वुड यू माइंड मूव्हिंग अ बिट?", "कुड यू साइन हिअर फॉर मी?" आपण मराठी वाक्य सरळ इंग्रजीत उतरवून "गिव्ह मी वॉटर" म्हणतो. आपल्या मनात पूर्ण आदर असतो, समोरच्याच्या कानावर हुकूम पडतो. वाशीच्या एखाद्या हॉस्पिटलात रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलीसाठी हा फरक जाणणं शंभर नव्या शब्दांपेक्षा मोलाचं आहे. कुठल्याही घरगुती इंग्रजी पिक्चरमध्ये जेवणाच्या टेबलाचा सीन लावा आणि फक्त एवढंच मोजा: मीठ मागताना, दार उघडायला सांगताना, कोणी आग्रह केला तर नको म्हणताना नेमकं काय म्हणतात. नको म्हणायला तिथे सरळ "नो" फार कमी वेळा येतं. "आयम गुड, थँक्स" येतं, "मेबी लेटर" येतं, "आयड रादर नॉट" येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चहा विचारला तर हा आपली तब्येत का सांगतोय.

दुसरा सापळा नकारार्थी प्रश्नांचा. "अजून जेवला नाहीस?" असं आई विचारते आणि आपण म्हणतो, "हो ना, वेळच नाही मिळाला." आपला 'हो' आईच्या म्हणण्याला आहे. इंग्रजीत "हॅवन्ट यू ईटन यट?"ला उत्तर "नो" असतं, "नो, आय डिडन्ट गेट टाइम." तिथे 'नो' जेवण्याला लागतो, विचारणाऱ्याला नाही. तुम्ही "येस" म्हटलंत तर जेवण झालं असं ठरतं. "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?", म्हणजे मी इथे बसलो तर हरकत आहे का, हे त्याचंच भावंड. बसायला परवानगी द्यायची असेल तर "येस" नव्हे, "नॉट ॲट ऑल". पिक्चरमध्ये उत्तरानंतर माणूस बसतो की निघून जातो हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे हा घोळ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा खजिना म्हणजे एका लहानशा क्रियापदाला शेपूट लावून केलेले तुकडे. रन इनटू, रन आउट ऑफ, पुट अप विथ, फिगर आउट, एंड अप. शाळेच्या पुस्तकात यांना जागा कमी आणि बोलण्यात सगळीकडे हेच. यांचे अर्थ पाठ करू नका, आपल्या गावात आणून सोडा. पात्र म्हणालं की मी तिला एअरपोर्टवर "रॅन इनटू" झालो, म्हणजे ती अचानक भेटली, तर तुम्ही म्हणा, "आय रॅन इनटू माय स्कूल टीचर ॲट तलावपाळी." पात्र चुकून दुसऱ्याच शहरात "एंडेड अप" झालं, तर ठाण्याहून वाशीला निघालेल्या माणसाचं वाक्य तयारच आहे: "आय गॉट ऑन द राँग ट्रेन अँड एंडेड अप इन पनवेल." ट्रान्स हार्बर लोकलवर ही वेळ येते, त्यामुळे वाक्य विसरलं जात नाही.

पिक्चर कोणता

इथे मी थोडा कडक आहे. सुपरहिरो, युद्ध, अंतराळ, माफिया, राजेरजवाड्यांचे पिक्चर शिकण्यासाठी नकोत. त्यात स्फोट जास्त आणि संवाद कमी, किंवा संवाद असा की आयुष्यात वापरायची संधी येणार नाही. "ड्रॉप द गन" हे वाक्य ठाण्यात कुठे वापरणार? घरातली, शेजारपाजारची, ऑफिसातली, नवरा-बायकोच्या भांडणाची गोष्ट निवडा. लहान मुलांचे ॲनिमेशनपट मोठ्यांनीही बघावेत, त्यात लाज कसली. आवाज स्टुडिओत नीट रेकॉर्ड केलेला असतो, उच्चार स्वच्छ असतात आणि गोष्ट चित्रांवरूनच निम्मी कळते. खरं सांगायचं तर पिक्चरपेक्षाही वीस-बावीस मिनिटांची विनोदी मालिका उजवी. तीच माणसं, तेच घर, तेच बोलण्याचे लकब-लहेजे भागामागून भाग येत राहतात. चार-पाच भाग झाले की त्या पात्रांचे आवाज कानाला सवयीचे होतात.

भाषा उचलताना ती कोणाच्या तोंडची आहे हेही बघा. पोलीस चोराशी बोलतो ते, कॉलेजची पोरं आपसात बोलतात ते आणि मॅनेजरशी बोलायचं ते इंग्रजी एक नव्हे. पडद्यावरचं प्रत्येक चटपटीत वाक्य उचलून ऑफिसात वापरणं म्हणजे लग्नातली शेरवानी घालून जांभळी नाक्यावर भाजी आणायला जाणं. शिव्या तर तिकडच्या पिक्चरमध्ये स्वल्पविरामासारख्या येतात. समजल्या पाहिजेत, वापरल्या नाही तरी काही अडत नाही. उपरोधाचीही सवय लागते हळूहळू. "ओह, ग्रेट" किंवा "येआ, राइट" असं लांबवून म्हटलं की बहुतेक वेळा उलटाच अर्थ असतो, आणि तो सूर छापील पानावर सापडत नाही.

दोन मिनिटांचा सीन

आता प्रत्यक्ष काम. अख्खा पिक्चर अभ्यासाला घेऊ नका. तो एकदा मजेने बघा आणि त्यातला दोन मिनिटांचा एक सीन उचला, शक्यतो दोनच माणसं बोलत असलेला.

आधी सबटायटल बंद करून ऐका. कोण चिडलंय, कशावरून, एवढंच कळलं तरी चालेल. मग इंग्रजी सबटायटल लावून, थांबत थांबत पुन्हा बघा, आणि जिथे अडलात तिथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा शब्द मला माहीत नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही? माहीत नसेल तर डिक्शनरी उघडा. माहीत असून निसटला असेल तर डिक्शनरीचा काही उपयोग नाही. तेवढेच तीन सेकंद मागे नेऊन तो शब्द त्या आवाजात सापडेपर्यंत ऐकायचं. शिकणारे नेमके इथेच घाई करतात. अर्थ कळला ना, मग पुढे! पण अर्थ डोळ्यांना कळलेला असतो, कानाला नाही.

फारच वेगात वाटलं तर यूट्यूबवर आणि नेटफ्लिक्सवर गती पाऊणपट करता येते. एकदोनदा करा, मग परत नेहमीच्या गतीवर या, कारण खऱ्या माणसाला पाऊणपट करायची सोय नसते.

मग सबटायटल पुन्हा बंद, आणि पात्राच्या पाठोपाठ, त्याच्या अर्धा शब्द मागे राहून, मोठ्याने बोला. याला शॅडोइंग म्हणतात. घरचे हसतील, हसू द्या. त्याच्यासारखा आवाज काढायचा नाही. तो जोर कुठे देतो आणि श्वास कुठे घेतो ते पकडायचं. तुमचं "क्न" दबलं आणि "डू" उठलं की समजा जमलं.

एका सीनमधून वहीत दोन-तीन वाक्यं घ्या, दहा नकोत. वाक्याशेजारी कोण कोणाला आणि का म्हणालं ते मराठीत लिहा, आणि खाली त्याच साच्यातलं आपल्या आयुष्यातलं एक वाक्य. पुढचं काम उजळणीचं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःलाच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो छापला. पाठ केलेल्यातलं बरंच काही पहिल्या काही तासांतच, फार तर एक-दोन दिवसांत गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणून त्याच दिवशी दहा वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा आणि आठवड्याने एकदा बघितलेलं जास्त टिकतं.

यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. ठाणे-वाशी हा साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे. सकाळच्या गर्दीत फोन तोंडासमोर धरायला जागा नसते, पण कानात हेडफोन मावतो. घरी नीट बघून झालेला सीन गाडीत नुसता ऐका, चित्राशिवाय. दीघा गाव, ऐरोली, रबाळे जाईपर्यंत दोन मिनिटांचा सीन पाच-सहा वेळा होऊन जातो. न बघितलेला नवा सीन मात्र गाडीत ऐकू नका, ब्रेकच्या आवाजात त्याचा पत्ता लागत नाही.

पिक्चर कुठे कमी पडतो

ऐकून ऐकून बोलणं येईल, या समजुतीला कॅनडातून उत्तर मिळालं आहे. तिथे इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमात घालण्याचा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं रोज फ्रेंच ऐकून त्यांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागेच राहिली. भाषेच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावर बोट ठेवलं: भाषा बाहेर काढावी लागली की आपल्याला कुठे येत नाही ते उमगतं, आणि मग ती पक्की होते. ती मुलं तर वर्गात होती. सोफ्यावरच्या आपल्याला समोरून कोणी प्रश्नही विचारत नाही.

म्हणून एक जोडीदार गाठा. उपवनला किंवा तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या मैत्रिणी असतील तर एक फेरी इंग्रजीत ठरवा आणि कालच्या सीनमधलं एक वाक्य त्या फेरीत वापरायचंच असा नियम ठेवा. लेकीकडे परदेशी जाणाऱ्या काकूंसाठी ही युक्ती फार कामाची ठरते. त्यांना भाषण करायचं नसतं. शेजारीण दारात आली तर दोन वाक्यं, दुकानात दोन, नातवाच्या शाळेच्या फाटकाशी दोन, एवढंच हवं असतं. ती सहा वाक्यं सहा सीनमध्ये सापडतात, आणि सूनबाईशी किंवा लेकीशी व्हिडिओ कॉलवर आधी म्हणून बघता येतात.

उच्चार अमेरिकन करायच्या फंदात पडू नका. ऐरोलीतून केलेल्या कॉलच्या पलीकडे मनिलाचा माणूस असतो, कधी पोलंडचा, आणि तोही आपल्याच ढंगात बोलत असतो. त्यांचं कळावं आणि आपलं त्यांना कळावं, एवढ्यासाठी जोर जागच्या जागी पडला की काम भागतं. आपला व आणि आपला ट तसाच राहू द्या. "डू द नीडफुल" किंवा "प्रीपोन" असलं आपलं भारतीय इंग्रजी ऐकून कोणी नाक मुरडलं तर तेही मनावर घेऊ नका, वागळे इस्टेटमध्ये ते चालतं. परदेशी माणसाशी बोलताना तेवढं दुसरं वाक्य काढा.

आणि पडद्यावरची माणसं खऱ्या माणसांसारखी अडखळत नाहीत, कारण त्यांचं बोलणं आधी लिहिलेलं असतं. त्यांचं नेटवर्क जात नाही, कोणी स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंग सांगत नाही. "यू आर ऑन म्यूट", "सॉरी, यू ब्रोक अप", "कुड यू से दॅट अगेन?" ही आपल्या रोजच्या कामाची वाक्यं पिक्चरमध्ये शोधत बसू नका. त्यासाठी मुलाखती, स्वयंपाकाचे व्हिडिओ, वेबिनार बघा, जिथे माणसं ऐनवेळी सुचेल तसं बोलतात. फोनच्या बाबतीत तर पिक्चरवर मुळीच विसंबू नका. तिथली पात्रं काम झालं की एक शब्द न बोलता फोन ठेवून देतात. क्लायंटच्या कॉलवर निदान "थँक्स, टॉक टू यू सून, बाय" एवढं तरी म्हणा.